आरंभ आणि अखेर : यहुदी व ख्रिस्ती परंपरांतील जैवनीतिविचार

(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



व्याख्यानमालेसाठी मी हा विषय कळविला तेव्हा कार्यवाहांनी माझे पत्र बहुधा दोनदा वाचले असावे. मराठीच्या अध्यापकाने संतवाङ्मयावर बोलावे, फार तर सीमाभागातील बोलींवर बोलावे. यहुदी आणि ख्रिस्ती धर्मांच्या जैवनीतीत त्याने का शिरावे, हा प्रश्न त्यांच्या मनात आला असणारच. सौजन्यामुळे त्यांनी तो विचारला नाही. पण प्रश्न रास्त आहे, म्हणून त्याच्या उत्तरापासूनच आरंभ करतो.

नोव्हेंबर २०१२ मध्ये आपल्या गावाचे नाव जगभरच्या वृत्तपत्रांत आले, ते कोणालाही नको असलेल्या कारणाने. सविता हलप्पनवार ही बेळगावात वाढलेली, इथेच दंतवैद्यक शिकलेली एकतीस वर्षांची विवाहिता २८ ऑक्टोबर २०१२ रोजी आयर्लंडमधील गॉलवे शहरात मरण पावली. ती सतरा आठवड्यांची गरोदर होती. पाठीत कळा येऊ लागल्या म्हणून ती रुग्णालयात गेली, तेव्हा गर्भ टिकणार नाही असे तिला सांगण्यात आले. मग तो काढून माझी सुटका करा, अशी विनंती तिने केली. गर्भाच्या हृदयाचे ठोके चालू आहेत तोवर तसे करता येणार नाही, असे उत्तर मिळाले. हा कॅथलिक देश आहे, असेही तिला ऐकावे लागले. आपण तसे बोललो होतो हे एका परिचारिकेने पुढे चौकशीत मान्य केले. ठोके थांबले तोवर जंतुदोष रक्तात भिनला होता.

त्या आठवड्यात बी. ए. च्या वर्गात एका विद्यार्थिनीने मला विचारले, ‘सर, जुना करार तर ज्यूंचाही आहे ना? मग ही घटना इस्राएलमध्ये घडली असती तर त्यांनीही तिला हेच उत्तर दिले असते का?’ मला उत्तर देता आले नाही. अध्यापकाला वर्गात उत्तर न येणे ही काही आपत्ती नव्हे, पण हा प्रश्न माझ्या पाठीस लागला. या वाचनालयाच्या धर्मविभागातील कपाटापासून मी शोध सुरू केला आणि पुढे इतर ठिकाणाहून ग्रंथ मागवीत गेलो. आजचे व्याख्यान म्हणजे त्या मुलीला फार उशिरा दिलेले उत्तर आहे.

हे दोन्ही समाज आपल्याला परके नाहीत, हेही लक्षात असू द्यावे. कोकणातील बेने इस्राएल कित्येक शतके मराठी बोलत आले. तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनवार तेली’ असे नाव दिले. मुंबईच्या कामा रुग्णालयात हजारो मराठी स्त्रियांची बाळंतपणे ज्यांच्या देखरेखीखाली झाली त्या डॉ. जेरुशा झिराड याच समाजातील. आणि पलीकडे घाट उतरला की ‘ख्रिस्तपुराण’ लिहिणाऱ्या फादर स्टीफन्सांचा गोवा. तेव्हा आपण शेजाऱ्यांच्या घरातील वाद ऐकत आहोत, एवढ्या आस्थेने तो ऐकावा.

वादाच्या मुळाशी एक वचन आहे आणि त्या वचनाच्या मुळाशी एक शब्द आहे. इथे भाषेच्या माणसाला थोडा धीर येतो.

जुन्या करारातील निर्गम नावाच्या ग्रंथात, एकविसाव्या अध्यायात, एक दिवाणी स्वरूपाचा नियम सांगितला आहे. दोघे पुरुष मारामारी करीत असता त्यांचा धक्का एखाद्या गर्भवतीला लागला आणि तिचा गर्भ पडला, पण पुढे काही अनर्थ झाला नाही, तर दोषी माणसाने दंड भरावा. अनर्थ झाला तर मात्र जिवाबद्दल जीव द्यावा, असा त्याचा आशय. ‘अनर्थ’ म्हणून मी जो शब्द वापरला त्यासाठी हिब्रूत ‘आसोन’ हा शब्द आहे. सबंध हिब्रू बायबलात तो केवळ पाच वेळा येतो. दोनदा या नियमात, आणि तीनदा याकोबाच्या कथेत, धाकट्या बेन्यामीनावर वाटेत काही संकट कोसळेल या म्हाताऱ्या बापाच्या भीतीपोटी. यहुदी भाष्यकारांनी या नियमातील अनर्थ म्हणजे स्त्रीचा मृत्यू असा अर्थ घेतला. त्यावरून निष्कर्ष सरळ निघतो : गर्भ गेला तर भरपाई, आई गेली तर देहदंड. याचा अर्थ दोघांचे मोल सारखे नाही.

ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात तोरा म्हणजे मोशेचे पाच ग्रंथ ग्रीक भाषेत आले. त्या भाषांतरात ‘आसोन’ नाहीसा झाला आणि त्याच्या जागी ‘रूप न आलेला’ आणि ‘रूप आलेला’ असा गर्भाचा भेद आला. रूप न आलेला गर्भ पडला तर दंड, रूप आलेला पडला तर जिवाबद्दल जीव. एका शब्दाच्या फेरफाराने नियमाची नजर आईवरून गर्भाकडे वळली. गंमत अशी की हे भाषांतर करणारे यहुदीच होते, आणि पहिल्या शतकातील फायलो या यहुदी तत्त्वज्ञाने त्याच अर्थाने विवेचन केले. पण पुढच्या यहुदी परंपरेने हिब्रू पाठ धरला, तर आरंभीच्या ख्रिस्ती मंडळींच्या हाती ग्रीक बायबल होते. संत जेरोमने पुढे हिब्रूवरून लॅटिन भाषांतर केले तेव्हा या वचनात आईच्या मृत्यूचाच अर्थ पुन्हा आला. परंतु तोवर चारशे वर्षे लोटली होती. मनाची घडी एकदा बसली की नुसत्या पाठशुद्धीने ती मोडत नाही, हे ज्ञानेश्वरीच्या पाठांवरून भांडणाऱ्या आपल्यासारख्यांना वेगळे सांगायला नको.

अर्थात सगळा भार एका शब्दावर टाकणे हा भाषेच्या माणसाचा भाबडेपणा होईल. ‘दिदाखे’ या अत्यंत प्राचीन ख्रिस्ती आचारग्रंथात गर्भपाताचा थेट निषेध आहे. रोमन समाजात नकोशी अर्भके उघड्यावर टाकून देत, त्याविरुद्ध ख्रिस्ती मंडळींनी घेतलेली ती भूमिका होती आणि तिच्यात करुणा होती. शिवाय ख्रिस्ती धर्मात मूळ पापाची कल्पना आहे. बाप्तिस्म्यावाचून मेलेल्या अर्भकाचे काय होते, या प्रश्नाने संत ऑगस्टिनपासून अनेकांना ग्रासले. अठराव्या शतकात, अडलेल्या बाळंतिणीच्या गर्भाला उदरातच बाप्तिस्मा देता यावा म्हणून पिचकारी वापरण्यापर्यंत मजल गेली होती. आज आपल्याला याचे हसू येईल. पण मूल कायमचे अंधारात जाईल या भीतीने ज्या आईची झोप उडाली तिला हसू आले नसते. अशा बालकांच्या तारणाची आशा धरण्यास सबळ आधार आहे, असे कॅथलिक ईशज्ञानाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने सांगितले ते २००७ साली.

यहुदी धर्मात मूळ पाप नाही, त्यामुळे ही चिंताही नाही. त्यांचा विचार वेगळ्याच वाटेने गेला. त्यांच्या आचारशास्त्राला ‘हलाखा’ म्हणतात. हा शब्द चालणे या अर्थाच्या धातूपासून बनला आहे. आपल्या ‘आचार’ या शब्दात ‘चर्’ धातू आहे, तसाच. चालणाऱ्याला पुढच्या पावलाचा प्रश्न आधी पडतो, वाटेच्या स्वरूपाचा नंतर. म्हणून तालमूदमधील राब्बी ‘गर्भ म्हणजे काय’ असे फारसे विचारीत नाहीत. ‘या बाईला आता काय करायचे’ असे विचारतात. इसवी सन २०० च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्नेत अडलेल्या बाळंतिणीविषयी नियम आहे. तिचा जीव धोक्यात असेल तर उदरातील गर्भाचे तुकडे करून तो बाहेर काढावा, कारण तिचा जीव पहिला. मात्र मुलाचा बहुतांश भाग बाहेर आला असेल तर त्याला हात लावू नये, कारण एका जिवासाठी दुसरा जीव बाजूस सारता येत नाही. वाचताना अंगावर काटा येतो. शस्त्रक्रियेने बाळंतपण करून आई वाचवणे ज्या काळात जवळजवळ अशक्य होते, त्या काळात कोणीतरी हे वाक्य उच्चारण्याची जबाबदारी घेतली. जन्म हा त्यांचा उंबरठा आहे. त्याच्या अलीकडे गर्भ मौल्यवान असला तरी पूर्ण माणूस नव्हे. पहिल्या चाळीस दिवसांत तर तो केवळ पाणी, असे तालमूदमधील एक मत आहे. उंबरठा ओलांडला की मात्र तो राजाएवढाच माणूस.

याचा अर्थ यहुदी धर्म गर्भपाताला मोकळीक देतो असा कोणी घेऊ नये. बाराव्या शतकातील मायमोनिडीझ, जो स्वतः नामांकित वैद्य होता, मिश्नेच्या नियमाचे कारण वेगळे देतो. हा गर्भ आईच्या जिवावर उठलेल्या पाठलाग करणाऱ्यासारखा आहे, म्हणून त्याला मारता येते, असे तो म्हणतो. मग जिथे जिवाला धोका नाही तिथे परवानगीही नाही, असा अर्थ निघू शकतो. त्याच्या आधीच्या शतकातील राशी या भाष्यकाराने दिलेले कारण असे, की बाहेर येईपर्यंत गर्भाला पूर्ण व्यक्तीचा दर्जा नाही. त्यातून सवलतीची वाट अधिक रुंद होते. विसाव्या शतकात टे-सॅक्स या आजारावरून हा जुना मतभेद पुन्हा पेटला. पूर्व युरोपीय यहुद्यांत अधिक आढळणारा हा आनुवंशिक रोग. मूल जन्मते तेव्हा धडधाकट दिसते, पुढे दृष्टी जाते, हालचाल जाते आणि चार-पाच वर्षांत ते दगावते. गर्भजलाच्या तपासणीने हा रोग आधीच कळू लागला तेव्हा जेरुसलेमच्या राब्बी एलिएझर वाल्डेनबर्ग यांनी सातव्या महिन्यापर्यंतही गर्भपाताला अनुमती दिली. न्यूयॉर्कच्या राब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी १९७६ मध्ये याला खरमरीत उत्तर लिहून गर्भपाताला हत्या ठरविले. दोघेही सनातनी, दोघांचाही अधिकार मोठा, दोघांसमोर तेच ग्रंथ. पंथाला पोप नसला की असे होते. तोटा हा, की एकवाक्यता नाही. लाभ हा, की विचारणाऱ्या बाईला दुसऱ्या दारी जाता येते.

कॅथलिक पक्षाचीही वाट वाटते तितकी सरळ नाही. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस याने ॲरिस्टॉटलला अनुसरून असे मानले की मानवी आत्मा गर्भात आरंभापासून नसतो, देह पुरेसा घडल्यावर येतो. गर्भपात त्याच्या मते पापच, पण आरंभीच्या काळात तो मनुष्यवध नव्हे. १५८८ मध्ये पोप पाचवे सिक्स्टस यांनी हा भेद मोडून सरसकट कठोर शिक्षा सांगितली. १५९१ मध्ये चौदाव्या ग्रेगरींनी तो पुन्हा आणला. १८६९ मध्ये नवव्या पायसांनी शिक्षेपुरता तो काढून टाकला, तो कायमचा. आपल्याकडेही सुश्रुताने चौथ्या महिन्यापर्यंत ‘स्राव’ आणि त्यानंतर, देह घट्ट झाल्यावर, ‘पात’ असे म्हटले आहे. रूप आलेला आणि न आलेला हा भेद निरनिराळ्या लोकांना स्वतंत्रपणे सुचला असावा. आजची मराठी मात्र आपोआप होणारा आणि मुद्दाम केलेला, दोन्हींना गर्भपातच म्हणते. गॉलवेच्या त्या खोलीत नेमका हाच घोटाळा झाला नाही ना, असे कधीकधी मनात येते.

प्रॉटेस्टंटांविषयी थोडक्यात सांगतो, कारण त्यांचा एक आवाज नाही. अँग्लिकन बिशपांनी १९३० च्या लॅम्बेथ परिषदेत संततिनियमनाला मर्यादित मान्यता दिली. त्याच वर्षअखेर पोप अकरावे पायस यांनी त्याचा निषेध केला आणि १९६८ मध्ये सहाव्या पॉलनी तोच कायम केला. आज गर्भपाताचे कट्टर विरोधक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्टांनी १९७१ मध्ये बलात्कार, गर्भातील गंभीर व्यंग, आईचे आरोग्य अशा कारणांसाठी गर्भपाताची मुभा देणारा कायदा व्हावा, असा ठराव केला होता. दहा वर्षांत त्यांचे मत पालटले.

आता गॉलवेकडे वळू. आयर्लंडने १९८३ मध्ये घटनेत दुरुस्ती करून आई आणि गर्भ यांना जगण्याचा समान हक्क दिला. समान हा शब्द ऐकायला न्याय्य वाटतो, पण दोघांपैकी एकच वाचू शकतो तेव्हा हा शब्द निर्णय देत नाही, डॉक्टरला थांबवतो. जिवाला धोका आहे की केवळ प्रकृतीला, हे ठरेपर्यंत थांबायचे. कॅथलिक नीतिशास्त्राजवळ अशा प्रसंगासाठी स्वतःचे साधन आहे. एका कृतीतून दोन परिणाम निघत असतील, चांगला हेतू म्हणून आणि वाईट केवळ अटळ म्हणून, तर ती कृती करता येते. गर्भाशयाला कर्करोग झाला तर गर्भासह ते काढण्यास मनाई नाही, कारण उद्देश रोग काढण्याचा आहे. परंतु गर्भावरच थेट घाव घालणे, आईला वाचवण्यासाठीसुद्धा, निषिद्ध. मिश्ना जे उघडपणे करायला सांगते तेच नेमके इथे वर्ज्य आहे.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे, की सविताच्या मृत्यूनंतर आयर्लंडच्या बिशपांनी आईपेक्षा गर्भाचा जीव श्रेष्ठ अशी शिकवण चर्चने कधीच दिलेली नाही, असे निवेदन काढले. ते खरे आहे. मृत्यूच्या चौकशीतही केवळ कायदा नव्हे तर उपचारांतील ढिलाई पुढे आली. जंतुदोषाची लक्षणे वेळेवर ओळखली गेली नाहीत. तेव्हा धर्ममताने तिचा बळी घेतला असे एका वाक्यात म्हणून मोकळे होणे सोपे आहे, पण ते पूर्ण सत्य नव्हे. धर्ममताचा कायदा झाला, कायद्याची भीती झाली आणि भीतीने एका तरुण बाईच्या खाटेशी उभे राहून ठोके मोजले, असे मी म्हणेन. २५ मे २०१८ रोजी आयरिश जनतेने ६६.४ टक्के मतांनी ती घटनादुरुस्ती रद्द केली. त्या मतदानाच्या वेळी डब्लिनच्या भिंतीवर आपल्या गावच्या मुलीचे चित्र होते आणि लोक त्यावर चिठ्ठ्या चिकटवीत होते.

आणि माझ्या विद्यार्थिनीचा प्रश्न? इस्राएलमध्ये १९७७ च्या कायद्यानुसार गर्भपाताला समितीची संमती लागते आणि आईच्या जिवाला किंवा प्रकृतीला धोका हे मान्य कारण आहे. धर्माच्या बाजूने पाहिले तर फाइनस्टाइनांसारख्या कठोर राब्बीनेही आईचा जीव खरोखर धोक्यात आहे असे दिसल्यावर ठोक्यांसाठी थांबायला सांगितले नसते. इतके मी आता निःशंकपणे म्हणू शकतो. २०२२ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला, त्याच महिन्यात फ्लोरिडातील एका यहुदी प्रार्थनामंदिराने तेथील नव्या निर्बंधांविरुद्ध दावा लावला. आमच्या धर्माप्रमाणे आईला वाचवणे हे कर्तव्य आहे, तुमचा कायदा आम्हाला आमचा धर्म पाळू देत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. धर्मस्वातंत्र्याचा हा असा उपयोग होईल असे पुष्कळांच्या मनातही आले नसेल.

इथवर ऐकून आपला समज होईल की यहुदी उदार आणि कॅथलिक कर्मठ. कृत्रिम गर्भधारणेकडे पाहिले तर तो अधिकच पक्का होईल : १९८७ च्या रोमच्या सूचनापत्राने ती नाकारली, तर इस्राएलचे शासन दोन मुले होईपर्यंत तिचा खर्च उचलते. माझाही हाच समज झाला होता. पण आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला गेलो आणि चित्र उलटे झाले.

तीन वर्षांपूर्वी माझे वडीलबंधू मेंदूतील रक्तस्रावाने अत्यवस्थ झाले. अकराव्या दिवशी डॉक्टरांनी आम्हाला बाजूला बोलावून सांगितले, की सुधारणेची आशा नाही, व्हेंटिलेटर ठेवायचा की काढायचा हे घरच्यांनी ठरवावे. सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालानंतर आपल्या देशात हा प्रश्न विधिवत विचारता येतो, आणि जानेवारी २०२५ मध्ये कर्नाटक शासनाने त्याची कार्यपद्धती सांगणारा आदेशही काढला. पण निकाल वाचणे वेगळे आणि रुग्णालयाच्या बाकावर बसून उत्तर देणे वेगळे. वहिनींनी मला विचारले, ‘काढायचं म्हणजे आपणच मारायचं का, भाऊजी?’

हा प्रश्न १९५७ च्या नोव्हेंबरात भूलतज्ज्ञांनी पोप बारावे पायस यांना विचारला होता. त्यांचे उत्तर स्पष्ट होते. जीव राखण्यासाठी सामान्य उपाय करणे हे कर्तव्य आहे. असामान्य, रोग्यावर व कुटुंबावर असह्य भार टाकणारे उपाय बंधनकारक नाहीत. आशा उरली नसेल तर श्वसनयंत्र काढता येते, ती हत्या नव्हे. मुद्दाम मृत्यू आणणे निषिद्ध, मृत्यूला येऊ देणे निषिद्ध नव्हे. दुसऱ्या जॉन पॉलनी २००४ मध्ये नळीवाटे दिलेले अन्नपाणी हा तत्त्वतः सामान्य उपाय मानून थोडे आवळले, तरी मूळ भेद कायम राहिला. गर्भाच्या बाबतीत एक पाऊल न हलणारे रोम इथे एवढे मऊ कसे? कारण ख्रिस्ती दृष्टीने जीवन पवित्र असले तरी ते अंतिम मूल्य नव्हे. मृत्यू हे दार आहे. ते बळाने उघडू नये, पण खांदा लावून बंदही धरू नये.

यहुदी न्यायात मात्र जन्मलेल्या माणसाचा प्रत्येक क्षण अमोल आहे. जीव वाचवण्यासाठी शनिवारचा विश्रामही मोडावा लागतो. मोडता येतो असे नव्हे, मोडलाच पाहिजे. शनिवारी घर कोसळले तर ढिगारा उपसावा आणि सापडलेल्या माणसाच्या नाकाशी श्वास आहे का पाहावे, असे तालमूद सांगतो. तो तासाभराने मरणार असला तरी उपसावे. काही राब्बींनी नाकाऐवजी छाती तपासायला सांगितले, आणि या जुन्या मतभेदावर मेंदूमृत्यूचा आजचा वाद उभा आहे. श्वास हे लक्षण धरून इस्राएलच्या प्रमुख राब्बींच्या मंडळाने १९८६ मध्ये मेंदूमृत्यू आणि हृदयारोपण मान्य केले. जेरुसलेममधील अन्य थोर आचार्यांनी, हृदय चालू असता माणूस मेला कसा म्हणावे, असे म्हणून ते नाकारले. अखेरच्या घटका मोजणारा माणूस विझत्या दिव्यासारखा आहे, त्याला बोट लावले तरी तो विझेल, अशी त्यांची उपमा आहे. म्हणून एकदा लावलेले श्वसनयंत्र काढणे बहुतेक सनातनी राब्बींना मान्य नाही. न लावणे चालते. लावून काढणे नाही.

यातून इस्राएलच्या २००५ च्या मरणासन्न रुग्णांविषयीच्या कायद्याने जी वाट काढली ती मोठी विलक्षण आहे. सतत चालणारा उपचार बंद करायचा नाही, पण तुकड्यातुकड्यांनी चालणारा उपचार पुन्हा सुरू न करण्याची मुभा आहे. म्हणून व्हेंटिलेटरला घड्याळ जोडण्याची तरतूद केली : ठरलेल्या मुदतीनंतर ते आपोआप थांबेल आणि पुन्हा लावायचे की नाही हा प्रश्न नव्याने पडेल. कोणाचाही हात बटणाकडे जाणार नाही. शनिवारी दिवा विझवता येत नाही म्हणून आदल्या दिवशी घड्याळ लावून ठेवणारा समाज हाच. काहींना ही पळवाट वाटते. मला तशी वाटली नाही, कारण बटणाकडे जाणारा हात म्हणजे काय, हे मी वहिनींच्या डोळ्यांत पाहिले होते.

कायद्याच्या पाठीशी दोन जुन्या कथा आहेत. राब्बी हनिना बेन तेरादियोन यांना रोमनांनी तोराच्या गुंडाळीत लपेटून जाळले आणि यातना लांबाव्यात म्हणून छातीवर भिजवलेली लोकर ठेवली. तोंड उघडा, आग आत घ्या, असे शिष्यांनी विनविले. ज्याने जीव दिला त्यानेच तो न्यावा, मी हात लावणार नाही, असे ते म्हणाले. पण जल्लादाने लोकर काढू का असे विचारले तेव्हा त्यांनी होकार दिला. दुसरी कथा मिश्नेचे संकलक राब्बी यहूदा यांची. ते असाध्य व्याधीने तळमळत होते आणि अंगणात शिष्य अखंड प्रार्थना करून त्यांचा मृत्यू अडवीत होते. त्यांची दासीही आधी तीच प्रार्थना करीत होती. मग तिने धन्याचे हाल पाहिले. ती छपरावर गेली आणि तिथून एक मडके खाली टाकले. आवाजाने शिष्य दचकले, क्षणभर प्रार्थना खंडली, आणि तेवढ्यात राब्बींचा प्राण गेला. पुढच्या राब्बींनी या दासीला दोष दिला नाही. चौदाव्या शतकातील एका भाष्यकाराने तर तिच्यावरून, मृत्यूसाठीही प्रार्थना करण्याची वेळ येते, असे मत मांडले. सोळाव्या शतकात क्राकोच्या राब्बी मोशे इसर्लिस यांनी नियम सांगितला, की प्राण जाण्यास अडथळा करणारी बाहेरची गोष्ट, उदाहरणार्थ शेजारी चाललेली लाकूडतोड, थांबवता येते. व्हेंटिलेटर हा लाकूडतोडीचा आवाज आहे की खुद्द श्वास, यावर आजही त्यांचे पंडित भांडत आहेत.

पण या करारीपणाची झळ दुसऱ्या बाजूलाही लागते. तीस दिवसांच्या आत दगावलेल्या अर्भकासाठी जुन्या यहुदी नियमाप्रमाणे रीतसर सुतक पाळत नाहीत. बालमृत्यू घरोघरी होते त्या काळी तो दिलासा होता. आज अनेक यहुदी आईबापांना तो निष्ठुरपणा वाटतो. ज्या उंबरठ्याने अडलेल्या बाळंतिणीला वाचवले तोच उंबरठा तिच्या गेलेल्या मुलासाठी रडायला मोकळीक देत नाही. ख्रिस्ती घरात त्या मुलाला नाव मिळते, दफनविधी मिळतो.

आमच्या घरी काय झाले ते सांगून थांबतो. आम्ही नळी काढली नाही; नवे काही सुरूही करू दिले नाही. चौथ्या दिवशी पहाटे दादा गेले. तेव्हा मला यातले फारसे ठाऊक नव्हते. आपण नकळत जेरुसलेमच्या वाटेने गेलो आणि रोमची वाटही तितकीच निर्दोष होती, हे पुढे वाचनातून कळले. वर्षश्राद्धाच्या संध्याकाळी मी वहिनींना त्या दासीची कथा सांगितली. त्या बराच वेळ गप्प होत्या. मग त्यांनी विचारले, ‘मडकं फुटल्यावर ती काय म्हणाली?’ मी पुन्हा ग्रंथ काढून पाहिला. त्या प्रसंगात पुढे शिष्य बोलतात, इतर राब्बी बोलतात. दासीचा एकही शब्द नोंदलेला नाही. तसे मी वहिनींना सांगितले.